टांकसाळीतला श्रावक आणि माझ्या डब्यातली तुर्की नाणी



स्वाध्याय मंडळात मला एक प्रश्न फिरून फिरून येतो. कधी थट्टेत, कधी काळजीने, तर कधी सरळ रागाने. "अगं, जमवायला दुसरं काही मिळालं नाही का तुला? त्या तुर्क सुलतानांची नाणी घरात कशाला?" एकीने तर विचारलं, "त्याच्यावर कलमा असतो ना? मग देवघराला लागून असलेल्या खोलीत कशी ठेवतेस?" मंदिराच्या पायऱ्यांवर उभ्या उभ्या एवढं सगळं सांगणं होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते. जरा लांबणार आहे, हातातलं काम आटपून बसा.

तुर्क म्हणजे मुळात मध्य आशियातल्या गवताळ मुलखातले, घोड्यावर वाढलेले लोक. अब्बासी खलिफांच्या फौजेत त्यांच्यातले कितीतरी गुलाम शिपाई म्हणून आले, आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत गझनीपासून आजच्या तुर्कस्तानापर्यंत त्यांचीच राज्यं उभी राहिली. गझनवी, सेल्जुक, मोसूलचे झेंगी, मार्दिनचे आर्तुकी आणि आपल्याकडे दिल्लीचे गुलाम सुलतान. महंमद घोरी स्वतः तुर्क नव्हता, पण त्याच्या मागे दिल्ली सांभाळली ती त्याच्या तुर्क गुलामांनी. खिलजींना तर त्या काळचे तुर्क सरदार अस्सल तुर्क मानायलाच तयार नव्हते. म्हणजे घराण्याचा आणि कुळीचा हा खल तेव्हाही होताच.

इस्लामी नाणं म्हटलं की त्यावर फक्त अक्षरं असणार, चित्र असणारच नाही, अशी आपली समजूत असते. बहुतेक नाण्यांबाबत ती खरीही आहे. पण मला हा नाद लागला तो चित्र असलेल्या नाण्यामुळेच. आजच्या तुर्कस्तानात रूमचे सेल्जुक म्हणून घराणं होतं. त्यांच्यातला दुसरा कैखुस्रो हा सुलतान इ. स. १२३७ ते १२४६ या काळात गादीवर होता. त्याच्या चांदीच्या दिरहमवर सिंह आहे आणि सिंहाच्या पाठीवर उगवत्या सूर्याचा गोल चेहरा. बार हेब्रियस नावाच्या त्या शतकातल्या ख्रिस्ती इतिहासकाराने याची गोष्ट लिहून ठेवली आहे. सुलतानाची एक राणी जॉर्जियाची राजकन्या होती. तिच्यावर त्याचा इतका जीव, की तिचाच चेहरा नाण्यावर घालायचा हट्ट त्याने धरला. दरबारातल्या लोकांनी समजूत घातली, की बाईचा चेहरा नको, त्याऐवजी तिच्या कुंडलीतला सिंह राशीतला सूर्य घाला. तसं झालं. गोष्ट खरी असो वा रचलेली, आपल्या रुपयाएवढं, तीन ग्रॅमचं ते नाणं हातात घेतलं की सूर्याच्या गोल गालांत मला ती राणीच दिसते.

मार्दिनच्या आर्तुकींची तांब्याची नाणी याहून विलक्षण. मोठी, जाडजूड, आणि वर जुन्या रोमी, ग्रीक, बायझंटाइन नाण्यांवरून उचललेले चेहरे. हिजरी ५८९ च्या एका नाण्यावर मान खाली घालून बसलेली एक व्यक्ती आहे आणि भोवती हात उंचावून शोक करणाऱ्या आकृती. त्याच वर्षी, म्हणजे ११९३ साली, सुलतान सलाहुद्दीन वारला. हा त्याचाच शोक असावा असं अभ्यासक मानतात. एवढ्याशा तांब्याच्या तुकड्यावर आख्खं सुतक! हे नाणं माझ्याकडे नाही, आणि मी ते घेणारही नाही. का, ते पुढे सांगते.

आता सासूबाईंबद्दल. माझ्या या छंदाला घरातला सगळ्यात जुना विरोध त्यांचाच. त्यांच्या माहेरी शत्रुंजयाच्या यात्रेचं मोठं वेड. पहिल्यांदा मी अलाउद्दीन खिलजीचा चांदीचा टंका आणला, तेव्हा त्यांनी तो हातातही घेतला नाही. "ज्याच्या माणसांनी आदिनाथाची मूर्ती फोडली, त्याचं नाव वाचायला शिकलीस तू?" एवढंच म्हणाल्या आणि माळ घेऊन बसल्या. त्यावर मी वाद घातला नाही. १३१३ साली शत्रुंजयावर घाला पडला होता, हे खरंच आहे. पण दोन वर्षांत, १३१५ मध्ये, समराशाहांनी तिथे जीर्णोद्धार केला, आणि त्याला परवानगी दिली ती अलाउद्दीनचाच गुजरातचा सुभेदार अल्प खान याने. हे मी त्यांना संध्याकाळी सांगितलं. "मग? फोडायचं त्यांनीच आणि परवानगीही त्यांचीच घ्यायची, हा कुठला न्याय?" असं त्या म्हणाल्या. यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. या नाण्यांकडे बघून जुना काळ किती गुण्यागोविंदाचा होता, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. सगळा काळ निव्वळ अंधाराचा होता असं म्हणणाऱ्यांतलीही नाही.

गझनीच्या महमूदाचंच घ्या. सोमनाथावर तो १०२५-२६ च्या हिवाळ्यात चालून आला. आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या आतच, लाहोरला महमूदपूर नाव देऊन, तिथे त्याने असा दिरहम पाडला, की ज्याच्या एका बाजूला अरबी कलमा आहे आणि दुसऱ्या बाजूला शारदा लिपीत त्याचं संस्कृत रूप. ईश्वराला तिथे 'अव्यक्त' म्हटलंय, पैगंबराला 'अवतार', राजाला 'नृपती' आणि नाण्याला 'टंक'. आपला 'टांकसाळ' हा शब्द या 'टंका'तूनच आला. मूर्ती फोडणाऱ्याला बाजारात चालेल असं नाणं पाडताना संस्कृत जाणणाऱ्या कुणाला तरी बोलवावंच लागलं. कोण असेल तो? दरबारात बसून 'कलमा' संस्कृतात करताना त्याच्या मनात काय आलं असेल?

महमूदाच्या टांकसाळीतला तो माणूस कोण ते नाण्यावरून कळत नाही. पण तीनशे वर्षांनंतरच्या दिल्लीच्या टांकसाळीतला एक माणूस मात्र नावानिशी माहीत आहे, आणि तो आपला आहे, मैत्रिणींनो. मला आज खरं तर त्याच्याबद्दलच सांगायचंय.

ठक्कुर फेरू हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. मंदिर बांधताना, मूर्तीची मापं ठरवताना 'वास्तुसार' या ग्रंथाचं नाव निघतं, तो फेरूंचाच. ते श्रीमाळ कुळातले श्रावक, श्वेतांबर खरतरगच्छाचे. आपण दिगंबर, पण माणूस अभिमान वाटावा असा आहे. रत्नं, गणित, ज्योतिष, धातू, सगळ्यांवर त्यांनी लिहिलं. नोकरी मात्र दिल्लीच्या खिलजी सुलतानांकडे. आणि १३१८ साली, कुत्बुद्दीन मुबारकशाहच्या काळात, टांकसाळीतल्या अनुभवावर त्यांनी 'द्रव्यपरीक्षा' हा ग्रंथ लिहिला. भाषा अपभ्रंशाकडे झुकणारी प्राकृत, आणि गाथा १४९. लिहिला कुणासाठी? आपल्या भावासाठी आणि मुलासाठी. हे वाचून मला फार बरं वाटलं. सुलतानाची स्तुती करून बक्षीस मिळवायला नव्हे, तर घरातल्या पोरांना धंदा नीट कळावा, कुणी फसवू नये आणि यांनी कुणाला फसवू नये, म्हणून.

या ग्रंथात सुमारे २६० प्रकारच्या नाण्यांची माहिती आहे. वजन किती, त्यात चांदी किती, सोनं असेल तर किती वानीचं, आणि दिल्लीच्या चालू नाण्यात त्याची किंमत काय. आपण 'बावनकशी' म्हणतो तसं त्यांच्या मापात शुद्ध सोनं बारा वानीचं. आता ही नाणी टांकसाळीत का येत? बदलून घ्यायला, आणि आटवायला. जिंकलेल्या मुलखातली नाणी दिल्लीत येत, त्यांचा कस लावला जाई आणि मग ती भट्टीत जात. गुजरातच्या नाण्यांमध्ये फेरू 'कुमरपुरी' नावाची नाणी नोंदवतात. कुमारपाळ राजाची! हेमचंद्राचार्यांचा तो शिष्य, ज्याच्या अमारी घोषणेची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या राजाच्या नावाची नाणी एका जैन माणसाच्या हातातून आटवायला जात होती, आणि त्याने काय केलं? तक्रारीचा शब्द नाही, उसासा नाही. वजन लिहिलं, कस लिहिला, भाव लिहिला, पुढच्या नाण्याकडे वळला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते कोरडं वाटलं. पुन्हा वाचताना वाटलं, की आटवण्यापासून वाचवणं हातात नव्हतं, पण नोंद ठेवणं हातात होतं, आणि तेवढं त्यांनी काटेकोरपणे केलं.

या ग्रंथांची हस्तलिखित पोथी शेकडो वर्षं कुणाला ठाऊक नव्हती. १९४६ साली कोलकात्याच्या ग्रंथभांडारात अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांना ती सापडली, आणि १९६१ मध्ये मुनी जिनविजयजींनी ती जोधपूरहून छापून आणली. आज खिलजींच्या नाण्यांवर काम करणारा कुणीही अभ्यासक फेरूंना टाळून पुढे जाऊ शकत नाही. माझ्याकडे मुबारकशाहचं एक छोटं चौकोनी नाणं आहे, तांबं आणि थोडी चांदी मिसळलेलं. त्याला चौकोनी नाण्यांची हौस होती. ते मी सासूबाईंना दाखवलं आणि फेरूंची हकिकत सांगितली. या वेळी त्यांनी नाणं हातात घेतलं. चष्मा लावून उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "ह्याचा पगार ह्याच नाण्यांत होत असेल का गं?"

आता वर अर्धवट सोडलेली गोष्ट. दशलक्षणात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. त्यात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आहेत. लहानपणापासून ते आपण पाठ म्हणतो, पण नाणी घ्यायला लागल्यावर मला ते जणू नाणी जमवणाऱ्यांसाठीच सांगितल्यासारखे वाटले. खोटी तराजू, म्हणजे हीनाधिकमानोन्मान, हा नाण्यांच्या व्यवहारातला पहिला धडा. खऱ्याच्या जागी नकली खपवणं, प्रतिरूपकव्यवहार, तर या बाजारात पावलोपावली. राज्याचा नियम डावलून माल इकडून तिकडे करणं, विरुद्धराज्यातिक्रम. आपल्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरची नाणी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि तरी ती जातात. चोरी करायला लावणं वेगळं. आणि सगळ्यात अवघड तो तदाहृतादान, चोरून आणलेलं विकत घेणं. चोरी आपण केलेली नसते, पैसेही मोजलेले असतात, आणि तरी अतिचार.

म्हणून आर्तुकी नाणं मी घेत नाही. मार्दिन आणि मोसूलच्या आसपासची ही नाणी. इराक आणि सीरियातल्या युद्धात तिथली जमीन उकरून जे लुटलं गेलं, त्याचा व्यापार थांबवा असं २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला ठरावात म्हणावं लागलं. जुन्या संग्रहातली, कागदपत्रं असलेली नाणी असतात, पण ती माझ्या आवाक्यातली नाहीत. चित्रं बघते, पुरे होतं. माझं सेल्जुक नाणं जुन्या संग्रहाच्या नोंदीसकट आलेलं आहे.

हे दूरचं झालं. जवळचं असं, की दोन वर्षांपूर्वी आठवडी बाजारात जुनी भांडी मोडीत घेणारा एक माणूस घरी आला. माझ्या छंदाचं त्याच्या कानावर गेलं होतं. फडक्यात अकरा चांदीचे टंके, माती अजून चिकटलेली. शेत नांगरताना सापडले म्हणाला. किंमत चांदीच्या भावापेक्षाही कमी. एकावर मला 'सिकंदर' स्पष्ट वाचता आलं. अलाउद्दीन स्वतःला दुसरा सिकंदर म्हणवून घेत असे. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरचं काहीही कलेक्टरला कळवावं लागतं, हा १८७८ पासूनचा कायदा आहे. मी त्याला तेच सांगितलं, सरकार त्याचा मोबदला देण्याचा विचार करतं हेही सांगितलं. तो हसला. "ताई, तहसीलच्या फेऱ्या कोण मारणार? नको असेल तर सोनार घेईल." जाण्याआधी मी दोन टंके स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून पाहिले, दोन्ही अकरा ग्रॅमच्या थोडेसे आत. अक्षरं वहीत उतरवून घेतली. तो फडकं बांधून गेला. आम्ही तहसील कार्यालयात कळवलं, पण गाव नाही, नाव नाही, पुढे काहीच झालं नाही.

रात्री जेवताना सासूबाई एकदम म्हणाल्या, "आटवली असतील का गं ती?" ज्यांनी खिलजीचा टंका हातात घेतला नव्हता, त्याच. "असतील," मी म्हटलं. "तू घेतली असतीस तर राहिली असती." "हो आत्याबाई. पण पुढच्या वेळी त्याने दुसऱ्याचं शेत उकरलं असतं." त्या काही बोलल्या नाहीत. ती वही अजून आहे, दोन टंक्यांची वजनं आणि अर्धवट ओळी त्यात आहेत.

माझ्या संग्रहातलं माझं लाडकं नाणं मात्र रीतसर पावतीचं, आणि पितळेचं. महंमद तुघलकाने १३२९ ते १३३२ च्या सुमारास चांदीच्या टंक्याऐवजी तांब्या-पितळेची नाणी चालवायचा घाट घातला. सरकार म्हणतं म्हणून हे चांदीइतकंच धरा, असा हुकूम. ही नाणी इतर टांकसाळींबरोबर आपल्या दौलताबादेतही पडली. माझ्या नाण्यावर फारसीत 'तख्तगाह दौलताबाद' आणि हिजरी सन ७३० लिहिलेलं आहे. पुढे काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहेच. कुणीही घरी पितळ ओतून नाणी पाडली, आणि सुलतानाला ती सगळी परत घेऊन बदल्यात चांदी द्यावी लागली. प्रतिरूपकव्यवहाराने एका सल्तनतीचा खजिना कसा रिकामा होतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि याच सुलतानाला १३२८ साली दिल्लीत भेटले ते आचार्य जिनप्रभसूरी. तुघलकाबादच्या खजिन्यात पडून असलेली महावीरांची मूर्ती त्याने त्यांना सन्मानाने परत दिली, हे त्यांच्याच 'विविधतीर्थकल्प' ग्रंथात आहे. पुढे काही वर्षं ते दौलताबादेत राहिले. म्हणजे गडाखाली टांकसाळीत पितळेचे ठोके पडत होते त्याच काळात, ज्यांनी दीक्षेनंतर कधी नाण्याला हात लावला नाही, असे एक साधू त्याच गावात वावरत होते.

परिग्रहाबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर सोपं आहे. परिग्रह परिमाणात मी नाण्यांचा आकडाही धरला आहे. चाळीस. एक्केचाळिसावं घ्यायचं तर एक बाहेर जाणार. मागच्या वर्षी एक बलबनचं नाणं पुतणीला दिलं, ती इतिहास शिकते. भोक पाडलेली किंवा कडी लावलेली नाणी जाणकार लोक नाकारतात, स्वस्त मिळतात. मला ती जास्त आवडतात. कुणीतरी ती गळ्यात घातली होती, आपल्या पुतळ्यांच्या माळेसारखी.

घरात कुणाकडे आजीच्या पेटीतली जुनी नाणी असतील तर एवढं ऐका. चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका. देवाचं तांब्याचं ताम्हन लखलखीत चांगलं दिसतं, पण नाण्यावरचा तो काळपट-हिरवा थर शेकडो वर्षांत बसलेला असतो आणि तो गेला की अक्षरंही जातात. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, तांबं चिकट हिरवं पडतं. विकणारे कधीकधी चामड्याच्या थैलीत देतात, ती आपल्याला चालत नाहीच. मी सुती कापडाच्या छोट्या पिशव्या शिवल्या आहेत. आणि कलमा असलेलं नाणं जमिनीवर ठेवत नाही. दुसऱ्याच्या देवाचं नाव आहे ते.

सध्या फेरूंच्या गाथा शब्दकोश घेऊन एकेक वाचते आहे. अठ्ठाविसावी चालू आहे. १९६१ ची जोधपूरची आवृत्ती कुणाच्या गावच्या ग्रंथभांडारात असेल तर मला जरूर कळवा, माझ्याकडच्या झेरॉक्सची तीन पानं पुसट आली आहेत.